मागणीचा कडू वाडगा

सांता रिता, ११ एप्रिल १९९९

प्रिय प्रिस्काताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन मुद्दामच केला नाही. आपल्या गावात फोन एकच, तोही दुकानात, आणि दुकानदारीण हाताने साबण मोजत असली तरी कान आपल्याकडेच असतात. म्हणून हा कागद बसवाल्याच्या हाती देतोय.

सतरंजी विणताना पायाच्या अंगठ्याला मागावर लागलं होतं, ते काही केल्या भरेना. एकटाच दवाखान्यात गेलो. तिथे तुझ्या वाहाका शहरातून एक डॉक्टरीण आली आहे, आपल्या नातीच्या वयाची, पण बोलणं आजीसारखं. रक्त तपासून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला साखरेचा आजार आहे. सकाळी काय घेता?"

"चॉकलेट नि पाव."

"आणि संध्याकाळी?"

"पाव नि चॉकलेट."

तिने कपाळाला हात लावला. गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, पाव बंद, गोड बंद. माझं तोंड बघून तिलाच दया आली असावी. म्हणाली, "अगदीच राहवलं नाही तर काळं चॉकलेट घ्या थोडं. बेताने खाल्लं तर चालतं, हृदयालाही वाईट नाही."

ताई, आपल्याकडचं चॉकलेट कधी पांढरं होतं का? म्हणजे आपण जन्मभर पितोय ते बरोबरच. आता मी सकाळ-संध्याकाळ डॉक्टरणीच्या परवानगीने पितो, आणि हृदयासाठी म्हणून दुपारी एक वाडगा जास्तीचा.

पण हे कुठे बोलू नकोस. माझ्या नातीला, बेलेमला, नदीपलीकडच्या रुतिलोची मागणी येते आहे. पोरगा सोन्यासारखा आहे, आणि बेलेमचं मन त्याच्यावर जडलंय हे तिने न सांगताच कळतं. टोपलीत लोकर भरायला सांगितली तर नदीकडे बघत भरते. पण तिकडे राज्य चालतं ते त्याच्या आजीचं, फोर्तुनाताबाईचं. थोरल्या नातवाची ठरलेली सोयरीक तिने मोडली, मुलीच्या बापाला साखर होती म्हणून, असं सगळं गाव म्हणतं. "रक्तातला रोग पुढे जातो," म्हणाली म्हणे. बेलेमचा बाप तिकडे उत्तरेत परक्यांच्या शेतात राबतोय, तेव्हा घरातला मोठा माणूस मीच. माझ्या रक्तापायी पोरीचं जमलेलं मोडलं तर मी तिला तोंड कसं दाखवू? सूनबाई एनेदिनालाही सांगितलेलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला ठाऊक आहे.

तुझा,
एर्मिलो


वाहाका, १७ एप्रिल

एर्मिलो,

आशीर्वाद, आणि दोन धपाटे.

अरे शहाण्या, मी शाळेत गेले ती झाडू मारायला, पण भिंतीवरचं वाचत वाचत झाडलं, म्हणून डॉक्टरणीचं म्हणणं मला इथे बसून कळलं आणि तुला तिच्यासमोर बसून कळलं नाही. काळं म्हणजे रंगाने काळं नव्हे रे! ज्यात कोको जास्त नि साखर नावापुरती, ते. मी चाळीस वर्षं गिरणीवर चॉकलेट दळून बाजारात विकते. एक किलो कोकोला दोन किलो साखर घालते आणि गिऱ्हाइकं बोटं चाटत म्हणतात, "प्रिस्काबाई, तुमच्या हाताला काय चव आहे!" हाताला कसली आलीय? तू जो हृदयासाठी दुपारचा वाडगा पितोस ना, तो साखरेचा पाक आहे, कोको त्यात पाहुणा म्हणून आलेला असतो.

सोबत वड्या पाठवते आहे. कोको, थोडे बदाम, दालचिनी, आणि साखर चिमणीच्या चोचीत मावेल एवढी. जेवण झाल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा घ्यायचा. चावायचा नाही, जिभेवर ठेवून गप्प बसायचं. रिकाम्या पोटी नाही, पावाबरोबर नाही, आणि वडी डोळ्यांसमोर ठेवायची नाही. फडताळात ठेव, उठून जावं लागलं पाहिजे. आणि हे औषध समजू नकोस. औषध म्हणजे गोळ्या. ही नुसती मनाची समजूत आहे, पण मन समजलं तर अर्धं दुखणं वाटेवर येतं.

माझं विचारशील तर मी पहिल्यापासून बेताचीच. दिवसभर दळताना चव बघावी लागते तेवढीच, पण ते धंद्याचं, ते खाण्यात धरायचं नसतं.

बेलेमचं नीट होऊ दे. तोंड शिवून ठेवलंय मी.

तुझी ताई


सांता रिता, ५ मे

प्रिय ताई,

वड्या मिळाल्या. पहिला तुकडा जिभेवर ठेवला आणि वाटलं, लहानपणी मी तुझी बाहुली चुलीत टाकली होती, तिचा सूड तू आज घेते आहेस. जळकं लाकूड चघळावं तसं! दुसऱ्या दिवशीही तेच. मग रागाने म्हटलं, थुंकायचं नाही, बघूच किती कडू होतंय. आणि ताई, घाई केली नाही तर त्या कडूच्या मागून हळूच काहीतरी येतं. आधी आंबटसर, मग मनुक्यासारखं, आणि शेवटी शेवटी भाजल्या बदामासारखं. जन्मभर कोको प्यालो असं समजत होतो, पण खरी ओळख आत्ता कुठे होते आहे. तो बिचारा साखरेच्या पदराआड उभा होता.

एनेदिनाने मला जेवणानंतर डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसलेलं बघितलं. तिला वाटलं मी प्रार्थना करतो. तिने ते पाद्रीबाबांना सांगितलं, आणि त्यांनी रविवारी देवळात सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं. आता तुकडा खाताना मला कोणी हाक मारत नाही, आणि दोन म्हाताऱ्या माझ्या नावाने मेणबत्ती लावतात.

अंगठा भरत आलाय. डॉक्टरीण खूश आहे.

पण खरी अडचण पुढेच आहे. मे संपताना मागणीला येणार म्हणून निरोप आलाय. पाव, टर्की, फुलं ते आणतील. चॉकलेट आपल्या चुलीवर व्हायचं. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी भरला वाडगा तळापर्यंत प्यायचा, तुला माहीतच आहे. वाडगा अर्धा राहिला की मन अर्धं, असं समजतात. एका वाडग्याने मी मरणार नाही, हे मलाही कळतं. मला भीती माझी वाटते. मी जुना बैल आहे. एकदा त्या शेतात तोंड घातलं की दावं तोडून रोज तिथेच जाईन. आणि नाही प्यालो तर फोर्तुनाताबाई विचारणार, का नाही? काय करू?

एर्मिलो


वाहाका, ११ मे

एर्मिलो,

एवढं काय घाबरतोस? शेगडीवर दोन भांडी ठेव. मोठ्यात सगळ्यांचं गोड, आणि मागे छोट्यात तुझं, मी पाठवते त्या कडू वड्यांचं. रवी मात्र दोन्हीकडे सारखीच जोरात घुसळ. फेस चांगला बोटभर वर आला की खाली काय आहे ते पिणाऱ्याच्या जिभेलाच कळतं. मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं फेसच दाखवत आले. भांड्याशी एनेदिनाला उभी करू नकोस, तू स्वतः उभा राहा. म्हण, नातीच्या मागणीला आजोबानेच घुसळायची हौस आहे. लोक डोळे पुसतील.

मला यायचं होतं, पण गुडघा ऐकत नाही, आणि आताशा चष्मा सारखा मळतो, त्यामुळे बसचा आकडाही दिसत नाही. अक्षर वाकडं आलं असेल तर सांभाळून घे.

पिताना तोंड वाकडं करू नकोस. एवढंच.

ताई


सांता रिता, ६ जून

ताई,

तुझ्या फेसाने माझं घर बुडवलं.

सगळं तू म्हणालीस तसं केलं. अंगणात पाहुणे बसले, त्यांच्याकडच्या म्हाताऱ्याने भाषण केलं, बेलेम खाली मान घालून उभी. मी दोन वाडगे घेऊन आलो, एक माझा, एक फोर्तुनाताबाईचा. फेस दोन्हींवर असा की सांगता येऊ नये. मी वाडगा तोंडाशी नेतो तोच बाई उठली. म्हणाली, "थांबा. आमच्याकडे आधी वाडगे बदलतात. म्हणजे दोन्ही घरांत आत-बाहेर काही राहत नाही."

नदी एवढीशी. उन्हाळ्यात पोरं तिच्यातून चालत जातात. आणि पलीकडे अशी रीत आहे हे मला सत्तरीला टेकेपर्यंत कुणी सांगितलं नाही!

तिने माझ्या हातातला घेतला, तिचा मला दिला. बाईने एक घोट घेतला, थांबली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि वाडगा खाली न ठेवता तळापर्यंत प्याली. पापणी लवली नाही. ओठ पुसून म्हणाली, "चांगला आहे." मग निघेपर्यंत माझ्याकडे वळून बघितलं नाही.

आणि मी? मीही प्यालो. खोटं कशाला सांगू, इतका गोड लागला की डोळ्यांतून पाणी आलं. पाहुणे म्हणाले, "बघा, नातीवर केवढी माया!"

त्यानंतर चार दिवस तिकडून चकार शब्द नाही. काल रुतिलो आला, पाठीवर साखरेचं पोतं. उतरवून म्हणाला, "आजीने पाठवलंय," आणि कान लाल करून पळाला. पोतं दारात पडलंय. एनेदिना म्हणते, "हा टोमणा आहे. घरात साखर नाही का, असं तोंडावर विचारलंय आपल्याला." तिला अजून काही माहीत नाही, पण टोमणा तिला बरोबर कळतो. बेलेम जेवत नाही. पोतं परत पाठवलं तर सोयरीक संपली; ठेवून घेतलं तर आमची अब्रू संपली.

एर्मिलो

ता. क. त्या गोड वाडग्यानंतर दोन दिवस पुन्हा गोडाकडे पाय वळत होते. वड्यांचं फडताळ मध्ये होतं म्हणून वाचलो.


वाहाका, १० जून, गुरुवार

एर्मिलो,

पत्र वाचून माझं डोकं तव्यासारखं तापलं. हा टोमणा नाही, ही चपराक आहे! आमच्या घरी साखर पाठवते? प्रिस्काच्या माहेरी? जिच्या हातचं चॉकलेट खायला शहरातली माणसं रांग लावतात?

तू काही करू नकोस, तुझ्याने व्हायचं नाही. शनिवारच्या बसने मी एक पोतं कोको पाठवते आहे, माझ्याकडचा सगळ्यात चांगला. बसवाला तो थेट फोर्तुनाताबाईच्या दारात उतरवील. त्याच्याकडून निरोप पाठ करून घेतलाय: "आमच्या घरी कोकोला तोटा नाही, साखर तुमची तुम्हाला लखलाभ." दोनदा म्हणायला लावला, चुकला नाही.

मी तुला आयुष्यभर बेताने वाग म्हणून सांगत आले. पण प्रत्येक गोष्टीला बेत नसतो.

ताई


सांता रिता, १८ जून

ताई,

तुझं पत्र गेल्या शुक्रवारी मिळालं. बेलेमने ते माझ्या हातातून घेऊन वाचलं. म्हणाली, "आजोबा, बस उद्या दुपारी येते." एवढंच. म्हटलं, आता फेस पुरे.

शनिवारी दुपारी, बस यायच्या आधी, नदी ओलांडली. फोर्तुनाताबाई ओट्यावर मक्याची कणसं सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "या व्याही. साखर संपली का?"

मनात म्हटलं, आला टोमणा. पण ती पाट सरकवून हळू आवाजात म्हणाली, "संपली असेल तर लाजू नका. त्या दिवशी एका घोटात मला सगळं कळलं."

"काय कळलं?"

"मी घरी येऊन रुतिलोला विचारलं, तुझं कसं होतं रे? म्हणाला, गोड. सगळ्यांचंच गोड. एकट्या तुमचाच वाडगा कडू! मग उजेड पडला. रुतिलो सांगतच होता, तुमच्या सतरंज्यांना आताशा गिऱ्हाईक नाही. घरात होती ती साखर पाहुण्यांना घातलीत आणि स्वतः कडू प्यायला बसलात. वर फेस एवढा काढलात की कुणाला कळू नये. म्हणून मी शेवटचा थेंब ठेवला नाही. असा व्याही शोधून सापडायचा नाही हो!"

ताई, मी खरं सांगायला गेलो होतो, आणि बाईने माझ्यासाठी खोट्याचं एवढं सुंदर घर बांधून ठेवलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. गरिबी तिला चालत होती, तिचा मान होता. बेलेमचं लग्न पक्कं होतं. मी गप्प बसलोही.

मग ती म्हणाली, "मी ठरवलंय. आजपासून रोज संध्याकाळी रुतिलो आमच्याकडचा एक वाडगा गोड चॉकलेट तुमच्यासाठी आणील. तुम्ही जगाल तोवर."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग त्याला फार दिवस हेलपाटा पडायचा नाही."

"म्हणजे?"

सांगितलं सगळं. अंगठा, डॉक्टरीण, तुझ्या वड्या, दोन भांडी. बाईचे हात थांबले.

"आणि हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही थोरल्याची सोयरीक साखरेपायी मोडलीत ना."

"साखर?" ती इतकी हसली की मांडीवरच्या सुपातले दाणे सांडले. "त्या घरचा बाप सकाळी उठून मेस्कालने चूळ भरायचा! दारूपायी मोडली मी. साखरेचं त्यानेच गावभर केलं, ते जरा बरं दिसतं म्हणून!" मग एकदम रागावली. "पण माझं काय? तो कडू वाडगा मी तुमच्या गरिबीचा मान राखायला प्याले. माझं सोसणं फुकट गेलं की!"

तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. बसवाल्याने पोतं उतरवलं, छाती पुढे काढली आणि तुझा निरोप एका दमात म्हणून दाखवला. शब्द चुकला नाही. मला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"हे काय?" बाई म्हणाली.

"माझ्या ताईचा राग आहे."

तिने पोत्यात हात घातला, एक दाणा फोडून चावला. "राग उंची आहे. वाया घालवायचा नाही. लग्नात दोन हंड्या ठेवू, एक गोड आणि एक याची, कडू. आणि कडू कुणासाठी ते भाषण करणारा मोठ्याने सांगेल."

"मोठ्याने कशाला?"

"या गावात माणूस वैऱ्याच्या हातून वाचतो हो, पाहुणचाराच्या हातून वाचत नाही. लपवाल तर लोक प्रेमाने मारतील तुम्हाला."

आता रुतिलो रोज संध्याकाळी येतो, पण वाडगा घेऊन नाही. मला नदीकाठाने चालवायला नेतो, आणि परत गेल्यावर आजीला सांगतो मी कुठे कुठे बसलो ते. डॉक्टरीण बरी होती ग. बेलेम मात्र दोन पोळ्या जास्त खाते आहे.

लग्न दहा जुलैला. गुडघ्याला सांग, यावंच लागेल.

एर्मिलो


वाहाका, १४ जुलै

एर्मिलो,

सुखरूप पोचले. तुझ्या नातीसारखी नवरी मी बघितली नाही, आणि तुझ्यासारखा लाजलेला आजोबाही. भाषणात तुझी साखर निघाली तेव्हा तू चपलांकडे बघत होतास, म्हणून लोकांचे चेहरे तुला दिसले नाहीत. मला दिसले. आणि नंतर तू मांडवात पाहुण्यांच्या गराड्यात होतास, कडू हंडीपाशी मी होते, म्हणून तिथलं तुला सांगते.

हंडी तुझ्या एकट्यापुरती म्हणून मी लहानच ठेवली होती. पहिल्यांदा देवळातला घंटा वाजवणारा आला. म्हणाला, "खोकला आहे, गोडाने वाढतो, जरा यातलं द्या." मग दुकानदारीण आली, तिला म्हणे दातदुखी. तिच्यामागून भाषण करणारा म्हातारा. त्याने नुसता वाडगा पुढे केला आणि इकडेतिकडे बघितलं. कुणी नवस सांगितला, कुणी पोट. एकीने तर सांगितलं, नवऱ्याला हवंय, आणि तिथेच उभ्याने पिऊन टाकलं. मी प्रत्येकाला वर भरपूर फेस घालून दिला. गोड हंडीत अर्धं उरलं होतं तेव्हा कडूची तळाशी खरवड चालली होती. तू आलास तेव्हा तुला चारच घोट मिळाले, आणि तू माझ्याकडे रागाने बघितलंस. अरे, तेवढेच डॉक्टरणीने सांगितले होते.

सगळ्यात शेवटी फोर्तुनाता आली. दोन घोट उरले होते. मी म्हटलं, "तुम्हाला कशाला? तुम्ही तर त्या दिवशी सोसून प्यालात."

"चव विसरले," ती म्हणाली. एक घोट घेतला, डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरला. सोसणाऱ्या माणसासारखी काही दिसली नाही ती. मग वाडगा माझ्यापुढे केला.

मी म्हटलं, "छे छे, मला काही झालेलं नाही."

"मला तरी कुठे काय झालंय?" ती म्हणाली.

उरलेला मी प्याले.

तुझी ती डॉक्टरीण कुठल्या वारी बसते आणि किती वाजेपर्यंत, ते उलट बसने कळव. माझ्या ओळखीची एक बाई आहे इथे, इथल्या दवाखान्यात सगळे ओळखीचे म्हणून तिला तिकडे यायचंय. चष्मा कितीही पुसला तरी तिला कमी दिसायला लागलंय, आणि तहान सारखी लागते, त्यामुळे उतरल्यावर एकटीने दवाखाना गाठणं तिला जमायचं नाही. थांब्यावर तू घ्यायला ये. दुकानातून फोन करू नकोस.

ताई